अळूच्या सुया, नोंद चौथी: कॉलर बिघडलेली नव्हती

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की जुन्या बाजारातून आणलेल्या 40x/0.85 ऑब्जेक्टिव्हची (मायक्रोस्कोपचं नमुन्याकडचं भिंग; 40 पट मोठं दाखवणारं, 0.85 हा प्रकाश गोळा करण्याच्या ताकदीचा आकडा) कॉलर, म्हणजे नमुन्यावरच्या काचेच्या जाडीप्रमाणे भिंग जुळवायचं फिरतं कडं, कामातून गेली आहे. शब्द मागे घेतो.

नमुना तोच: अळूच्या देठाचा ब्लेडने घेतलेला जाडसर काप, पाण्यात. आत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात (कच्चं अळू घशाला खाजतं ते यांच्यामुळेच). वरच्या पेशींतल्या सुया लख्ख, खालच्या दुधाळ.

पहिला घोळ कव्हरस्लिपचा, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेचा. ऑब्जेक्टिव्ह 0.17 मिमी काच धरून चालतं. माझ्या डबीतल्या कव्हरस्लिप मायक्रोमीटरने मोजल्या तर 0.14 निघाल्या.

दुसरा घोळ खोलीचा. माझ्या फाइन फोकसचं (बारीक फोकसच्या चकतीचं) एक घर 2 मायक्रॉनचं (1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिमी). 19 घरं खाली गेलो म्हणजे 38 मायक्रॉन, असं मी धरत होतो. पण हवेतून पाण्यात बघताना विहिरीचा तळ वर आलेला दिसतो, तसंच इथे. खरी खोली निदान 1.33 पट, म्हणजे 50. आणि 50 मायक्रॉन पाणी ऑब्जेक्टिव्हला साधारण 44 मायक्रॉन जादा काचेसारखंच जाचतं. म्हणून कॉलर हवी 0.14 अधिक 0.044, म्हणजे 0.18च्या आसपास. मी 0.17 सोडायला तयार नव्हतो!

शिवाय कॉलर फिरवली की फोकसही सरकतो. चित्र गायब झालं की मी घाबरून कॉलर मागे घ्यायचो. आता एक हात कॉलरवर, दुसरा फाइन फोकसवर, दर 0.01ला पुन्हा फोकस. खूण अशी: एखादा चमकता कण धरून फोकसच्या वर-खाली जायचं. एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला नुसतं धुकं दिसलं तर अजून चुकतंय. 0.18 ते 0.19मध्ये दोन्ही बाजू जुळल्या आणि सुयांना टोकं आली.

90 मायक्रॉनवर मात्र हार. कॉलर 0.22पर्यंत नेली तरी कण वाकडे, शेपटी फुटल्यासारखे. हा पेशींच्या उंचसखलपणाचा दोष. कॉलर सगळीकडे सारखीच दुरुस्ती करते, तिला तो झेपत नाही. संशोधक तिथे आकार बदलणारा आरसा लावतात. मूळ कल्पना खगोलातली, खगोलशास्त्रज्ञ बॅबकॉक यांनी 1953 साली मांडलेली. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर दुर्बिणीसाठी रोबो-एओ नावाचं उपकरण केलं ते याच जातीचं.

आमच्याकडे आरशाच्या जागी ग्लिसरीन. 1.47 अपवर्तनांक पेशीभित्तींना पाण्यापेक्षा जवळचा, आणि देठातली हवाही हळूहळू निघते. कॉलरचा पल्ला थोडा लवकर संपेल, कारण ग्लिसरीन जवळजवळ काचेइतकंच मोजावं लागेल. काप कालपासून डबीत भिजताहेत.