राजगडाचं कुसळ

अंटार्क्टिकाला जाऊन आले म्हटलं की लोक पेंग्विनबद्दल विचारतात. पेंग्विन छान होते. पण मला आधी आठवतो तो जहाजावरचा कॉफीचा हॉल, तिथे घरघरणारे चार व्हॅक्यूम क्लीनर आणि माझ्या नवऱ्याची सॅक मांडीवर उलटी घेऊन शिवणीशिवणीत चिमटा घालणारी एक अर्जेंटिनाची मुलगी.

मुंबई ते उशुआया, म्हणजे जहाज जिथून सुटतं ते अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं बंदर, हा प्रवास तीन विमानांचा. खर्च लिहीत नाही, खरा आकडा आईलाही सांगितलेला नाही. तिथून अंटार्क्टिकापर्यंतच्या खवळलेल्या समुद्राबद्दल, ड्रेक पॅसेजबद्दल, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, कारण दोन दिवस मी फक्त केबिनचं छत पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन खारी बिस्किटं कशीबशी पोटात टिकली, तेवढ्यात स्पीकरवरून बोलावणं आलं. बाहेरचं बी अंटार्क्टिकावर जाऊ नये म्हणून तपासणी आहे, किनाऱ्यावर नेणार असाल ते सगळं घेऊन या: जाकिटं, टोप्या, हातमोजे, काठ्या, कॅमेऱ्याच्या पिशव्या.

माझं डोकं फिरलं. एवढे पैसे भरायचे, ओकाऱ्या काढायच्या आणि वर आपणच आपले खिसे झाडायचे? रांगेत माझ्या पुढे नाशिकचे एक काका होते. त्यांच्या जाकिटाच्या खिशातून मूठभर बडीशेप निघाली. "भाजलेली आहे," काका ठामपणे म्हणाले, "उगवायची नाही." मी इंग्रजीत सांगून पाहिलं. त्या मुलीनं शांतपणे सगळी बडीशेप व्हॅक्यूमच्या तोंडी दिली. काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

मग आमची सॅक. नोव्हेंबरात ती राजगडाला जाऊन आली होती. घरी आल्यावर मी ती झटकली होती, माझ्या मते स्वच्छ होती. पाठीच्या जाळीतून त्या मुलीनं चिमट्यानं एक कुसळ ओढून काढलं. मग दुसरं. मग वेल्क्रोतून तिसरं. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फिरलेल्या माणसाला कुसळ काय ते सांगायला नको: पुढे बी असलेलं सुईसारखं टोक, मागे पीळ पडलेली काळी शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि टोक स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं घुसवत नेतं. आपण मोज्यांना शिव्या घालत ते उपटून फेकतो. ती मात्र ते भिंगाखाली धरून बघत राहिली. कुठलं आहे हे विचारलं. मी राजगड म्हटलं, आणि का कोण जाणे, थोडी शरमले.

आमचं गवत उन्हाळी मुलखातलं, बर्फात कसं टिकेल, असं मी म्हणून पाहिलं. तिनं अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या संशोधन तळाची गोष्ट सांगितली. तिथे 1985 मध्ये साधं युरोपातलं हिरवळीचं गवत उगवलेलं दिसलं. माणसांच्या बुटा-सामानाबरोबर आलं आणि तळाच्या आसपास तगलं. पुढे ते उपटत बसावं लागलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझं सामान निर्जंतुक असल्याच्या कागदावर सही केली.

केबिनमध्ये येताना नवरा म्हणाला, "आपलं कुसळ दिसलं त्यांना." पुढचं मुसळ तो बोलला नाही, पण डोक्यावर जहाजाचं धुराडं धडधडत होतं.

ते मुसळ मी दुसऱ्या दिवशी ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, काढलं. आमच्या जहाजावर ब्रिज बहुतेक वेळ प्रवाशांना खुला असे. माझं पोट ताळ्यावर आलं होतं आणि समोर पहिले हिमनग दिसत होते, त्यामुळे मी जरा धीट झाले होते. दुर्बीण धरून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, एका बीसाठी तासभर व्हॅक्यूम, आणि हे एवढं तेल जाळता त्याचं काय? तो चिडला नाही. म्हणाला, निदान कुठलं तेल ते तरी बघा. स्वस्तातलं जड तेल डांबरासारखं दाट असतं, तापवल्याशिवाय इंजिनापर्यंत वाहत नाही. ते या थंड पाण्यात सांडलं तर विरत नाही, बर्फात अडकून पडतं. म्हणून 1 ऑगस्ट 2011 पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात ते जाळायलाच काय, नुसतं वाहून न्यायलाही बंदी आहे. आम्ही हलकं डिझेल जाळतो. मग हसून त्यानं उत्तर ध्रुवाचंही सांगितलं: तिथे हीच बंदी यायला 1 जुलै 2024 उजाडावा लागला, तीही सवलती देऊन. काही जहाजांना 2029 पर्यंत मुभा आहे.

ब्रिजवर मला सगळ्यात भावलं ते जहाजाचं हळू जाणं. मोठा हिमनग रडारवर दिसतो. भीती असते ती पाण्याच्या पातळीशी तरंगणाऱ्या, काचेसारख्या कठीण तुकड्यांची. लाटांत ते रडारला चकवतात. म्हणून रात्री दोन झगझगीत दिवे लावून, माणसं डोळ्यांत तेल घालून उभी. देवमाशांच्या भागात तर वेग दहा नॉटवर, म्हणजे ताशी जेमतेम साडेअठरा किलोमीटर. मुंबई-पुणे महामार्गावर हातातला चहा सांभाळत जगणाऱ्या माणसाला हे पाहून भडभडून येतं.

आणि ती लाइफबोट. बंदर सोडतानाच आम्हाला कवायतीसाठी नारिंगी जाकिटं घालून डेकवर उभं केलं होतं. बोट वरून पूर्ण बंद, आत बाकं, खिडक्या हाताएवढ्या. कुणीतरी विचारलं, यात किती वेळ बसायचं? सूचना देणारा म्हणाला, पाच दिवसांची तयारी असते. सगळे हसले. तो हसला नाही.

पाच दिवस का, ते ब्रिजवर कळलं. 23 नोव्हेंबर 2007 रोजी एक्सप्लोरर नावाचं छोटं लाल प्रवासी जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला धडकून बुडालं. 154 माणसं उघड्या लाइफबोटींत आणि रबरी बोटींत काही तास गारठून बसली होती. नशिबानं समुद्र शांत होता, दुसरं जहाज जवळ होतं, सगळे वाचले. ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीचा जागतिक नियमसंच 1 जानेवारी 2017 ला लागू झाला. त्यात लाइफबोट झाकलेलीच हवी आणि मदत यायला किमान पाच दिवस लागतील असं धरूनच तयारी करायची, असं लिहिलं आहे. मासेमारीच्या बोटी मात्र त्यातल्या सुरक्षेच्या भागातून तेव्हा सुटल्या. दूरवर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, पकडणारं एक जहाज दिसत होतं. अधिकाऱ्यानं त्याच्याकडे नुसतं बोट केलं.

तक्रारी माझ्याकडे आणखी होत्या. एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर जाऊ शकतात, त्यामुळे आमचा गट दीड तास बूट घालून ताटकळत. किनाऱ्यावर खायचं काही न्यायचं नाही. नवऱ्याच्या ताटातली कोंबडीची हाडंसुद्धा समुद्रात पडू नयेत असा नियम, कारण कोंबडीतून पक्ष्यांना रोग जाऊ शकतो. ती जहाजाबरोबर उशुआयाला परत. (आंघोळीच्या आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर असा कडक आंतरराष्ट्रीय नियम नाही, हे कळल्यावर मी शॉवर निम्म्यावर आणला. त्यानं काही झालं असेल असं वाटत नाही.)

कव्हरव्हिल बेटावर उतरलो. बर्ड फ्लूमुळे बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग जमिनीवर ठेवायची नाही. गुडघे टेकल्याशिवाय ज्याला फोटो येत नाही असा माझा नवरा वाकलेल्या उंटासारखा उभा होता. हजारो जेंटू पेंग्विन, वास असा की शब्दांत मावणार नाही. परतताना बूट ब्रशनं घासून, जंतुनाशकात बुडवून मगच आत.

केबिनमध्ये येऊन मी लोकरीचा मोजा काढला. घोट्याशी काहीतरी टोचत होतं. मोजा उलटा केला, आणि लोकरीत गुंतलेली एक काळी, पीळदार शेपटी निघाली. राजगडाला घातलेला मोजा. धुतलेला. घडी करून कपड्यांच्या पिशवीत ठेवलेला, म्हणून तपासणीला नेलाच नव्हता.

नुसती शेपटी होती. टोक नव्हतं.

त्या मुलीला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मोजा बुटाच्या आत होता, बूट गुडघ्यापर्यंत, असं स्वतःला समजावलं. मग बूट ठेवायच्या खोलीत गेले, माझा बूट उलटा धरला आणि तळव्यावर चापट्या मारत राहिले. बाजूला नाशिकचे काका त्यांचे बूट अडकवत होते. "काय सांडलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, खडा असेल."

खडाही पडला नाही.