आमची वाटचाल: शेतातल्या स्टार्टरपासून हॉस्टेलच्या गरम पाण्यापर्यंत

लातुरात गंजगोलाईजवळ आमचं दुकान आहे. सुरुवात मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करण्यापासून झाली. शेतकरी पिशवीत स्टार्टर घालून यायचे, आम्ही कॉइल बदलून संध्याकाळच्या एसटीच्या आत हातात द्यायचो. पुढं शहरात क्लासची पोरं वाढली, हॉस्टेलं वाढली, गच्चीवर पाणी तापवणारे सोलर आले. ढगाळ दिवसासाठी त्या टाकीत 3 किलोवॅटचा हीटर असतो, आणि तो चालू-बंद करणारा रिले म्हणजे आमच्या ओळखीचंच यंत्र: स्टार्टरसारखंच कॉइलला थोडा करंट दिला की ती पॉइंट ओढून मोठा करंट जोडते. तसेच या कामात शिरलो.

पहिल्याच हिवाळ्यात चूक झाली. 3 किलोवॅटला 230 व्होल्टवर 13 अँपिअर लागतात. आम्ही 10 अँपिअरचा छोटा रिले बसवला, स्वस्त पडतो म्हणून. महिनाभर चालला. एका पहाटे वॉर्डनचा फोन, "काका, नळाला हात लावू देईना, पाणी उकळायलंय." पाणी तापल्यावर थर्मोस्टॅटनं कॉइलचा करंट तोडला होता, पण रिलेचे पॉइंट वितळून चिकटले होते. कुणी पोरगं भाजलं नाही, तरी त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून हीटरच्या लोडला 25 अँपिअर चालेल असाच कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, लावतो. शिवाय पाणी फार तापलं की वीज तोडणारा वेगळा कटआउट, आणि तो कॉइलच्या नाही, थेट हीटरच्या वायरीत. पॉइंट चिकटले तरी तो तोडतो.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. टँकर चुकला की टाकी कोरडी, आणि हीटर जळून जायचा. मग आम्ही गार पाण्याच्या टाकीत फ्लोट स्विच (पाणी उतरलं की बंद होणारा) टाकून कॉइलच्या वायरीत घेतला. कॉइलला करंट अगदी थोडा लागतो, त्यामुळं थर्मोस्टॅट, टायमर, फ्लोट सगळे एका बारीक वायरीवर ओळीनं बसतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते औसा रोडच्या एका हॉस्टेलनं. तिथला कॉन्टॅक्टर सकाळी खडखड वाजायचा. दोनदा कॉइल बदलली, आवाज तसाच. तिसऱ्यांदा पाना बाजूला ठेवून मीटर लावला. हीटर बंद असताना कॉइलच्या दोन टोकांवर, ए-1, ए-2 वर 221 व्होल्ट. कॉन्टॅक्टर ओढला की 160. कॉइलला नीट ओढायला 230 च्या निदान 85 टक्के, म्हणजे 195 च्या आसपास व्होल्टेज लागतं, म्हणून तो सुटायचा. सुटला की लोड जायचा, व्होल्टेज परत यायचं, पुन्हा ओढायचा. जंक्शन बॉक्स उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायर काळी पडून कडक झालेली; हीटरचा लोड आला की व्होल्टेज तिथंच पडायचं. जळका तुकडा कापला, वायरीच्या टोकाला लग दाबून घट्ट बसवला. आवाज थांबला. दोन कॉइलचे पैसे मी परत केले, दोष कॉइलचा नव्हताच.

आता दुकानात तीन पोरं आहेत. एमसीबी पाडून, टेस्टरनं खात्री केल्याशिवाय त्यांनी झाकण उघडायचं नाही. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हीटर जोडून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. पॉइंट पॉलिश पेपरनं घासणंही बंद केलं. चांदीचा थर जातो आणि ते लवकर जळतात, त्यापेक्षा नवा संच टाकलेला बरा.

यंदाची तपासणीची फेरी दसऱ्यानंतर सुरू होईल. ज्यांच्या टाकीला फ्लोट किंवा वेगळा कटआउट नाही, त्यांनी आत्ताच सांगून ठेवा, तिथं आम्ही आधी येऊ.