खातेय ना, मग झालं?

डॉक्टरांनी कापसाची काडी आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या, खालच्या दाढेला नुसती टेकवली आणि तिचा जबडा थरथर कापायला लागला. आवाज नाही, ओरबाडणं नाही. फक्त ती थरथर.

दाढेच्या मुळाशी हिरडी वर चढून आली होती, लालचुटुक. मला वाटलं सूज असेल. डॉक्टर म्हणाले, तिथे दात आतून विरघळत चाललाय, खड्डा हिरडीने झाकलाय. ही माणसासारखी कीड नव्हे. शरीरातल्याच पेशी दात खातात. का, ते अजून नक्की कळलेलं नाही. चांदी वगैरे भरून उपयोग नाही, आत झीज चालूच राहते. भूल देऊन दात काढायचा, तोही एक्स-रे बघून, कारण मूळ किती शिल्लक आहे त्यावर सगळं ठरतं. वयाने मोठ्या मांजरांमध्ये हे सर्रास आढळतं म्हणे.

दांडिया बाजारात घरी पोचले तर शेजारच्या काकू दारातच. "अगं पण खातेय ना व्यवस्थित? मग कसलं दुखतंय!"

खातेय. मान एका बाजूला कलती करून, दाणे न चावता गिळून खातेय. मांजर सहसा उपाशी राहत नाही, दुखणं लपवून जगतं. आणि आपण, मुक्या जिवाचं काय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंसुद्धा दुखणं ताटावरूनच मोजतो.

आमच्या डॉक्टरांकडे दातांच्या एक्स-रेची सोय नाही. वडोदऱ्यात मांजरांसाठी तो कुठे काढतात, कुणाला माहीत आहे का?