हेळव्याच्या वहीत नसलेल्या लेकी

माझ्या आजोळी, कागल तालुक्यातल्या एका गावात, सुगी संपली की घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी येत असे. बैलाच्या पाठीवरच्या गाठोड्यात त्याच्या वह्या असत. ओसरीवर घोंगडे अंथरून बसला की मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणाची शाखा कुठे फुटली, हे सारे तो एका दमात वाचून दाखवी, वर्षभरात जन्मलेली नवी मुले लिहून घेई आणि सुपात घातलेले जोंधळे घेऊन पुढच्या घरी जाई. माझ्या आईचे नाव त्यात कुठे आहे, असे मी लहानपणी एकदा त्याला विचारले होते. "लेकी परक्या घरच्या, बाळ. त्यांची नोंद तिकडं हुती," असे तो म्हणाला. तिकडे, म्हणजे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, आईचे नाव रेशनकार्डाखेरीज कशातही नव्हते.

हे आठवण्याचे कारण असे की, चार वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाला वयाच्या अडतिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. मुंबईत शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी त्याला वंशावळ विचारली. घराण्यात कोणाला कॅन्सर झाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी, एवढेच त्यांना हवे होते. आठ पिढ्यांतल्या पुरुषांची नावे घडाघडा सांगणाऱ्या माझ्या भावाला स्वतःची आत्या कशाने गेली, हे सांगता आले नाही. "पोटाच्या दुखण्यानं गेली," एवढेच आमच्या घरात बोलले जात असे. पुढे गाठीच्या तपासणीत एक प्रथिन गैरहजर आढळले, रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि रिपोर्टवर 'लिंच सिंड्रोम' हे दोन शब्द आले; घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या कर्करोगाच्या धोक्याचे ते नाव. मी मुद्रितशोधनाचे काम करते. अनोळखी शब्द दिसला की तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, ही त्या कामाची सवय आहे. तिच्यामुळेच मी डॉ. हेन्री लिंच यांच्यापर्यंत पोहोचले.

लिंच यांचा जन्म १९२८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. दुसरे महायुद्ध चालू असताना, वय भरत नसल्यामुळे, चुलत भावाची ओळख वापरून ते सोळाव्या वर्षी नौदलात शिरले. युद्धानंतर त्यांनी काही काळ पैशासाठी मुष्टियुद्ध केले, मग मानसशास्त्राचा अभ्यास, मग मानवी आनुवंशशास्त्राचा, आणि अखेर १९६० मध्ये टेक्सासमधून वैद्यकीची पदवी घेतली. हा वळणावळणाचा रस्ता मला महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची त्यांची रीत त्या रस्त्यावरच घडली असावी.

१९६२ च्या सुमारास ते नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात शिकाऊ डॉक्टर होते. अतिमद्यपानानंतरच्या भ्रमाच्या झटक्यातून सावरत असलेला एक रुग्ण त्यांना तपासायचा होता. इतके का पितोस, असे विचारल्यावर तो म्हणाला की, आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार आहे. हे दारुड्याचे बोलणे म्हणून सोडून देणे अगदी सोपे होते. लिंच यांनी मात्र त्याच्या नातेवाइकांचा माग काढायला सुरुवात केली. नुसत्या सांगण्यावर न विसंबता त्यांनी रुग्णालयांतले जुने कागद आणि पेशींच्या तपासणीचे अहवाल गोळा केले. ॲन क्रश या समाजसेविकेच्या साथीने त्यांनी हे काम वाढवले, आणि १९६६ मध्ये नेब्रास्का व मिशिगन इथल्या दोन मोठ्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घराण्यांत आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी वयात, पिढ्यान्‌पिढ्या आणि स्त्री-पुरुष दोघांतही येत होता.

त्या काळी कर्करोगाचे कारण विषाणूंत किंवा परिसरात शोधण्याकडे बहुतेकांचा कल होता. एका घरात राहणारी माणसे एकच अन्न खातात, तेव्हा त्यांना एकच रोग होणारच, असा आक्षेप घेतला जाई. संशोधनासाठी निधी मागणारे लिंच यांचे अर्ज नाकारले गेले. १९६७ पासून ते ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात होते, आणि तिथेच त्यांनी घराण्यांमागून घराण्यांची वंशावळ लिहीत पुढची पाच दशके काढली. पुष्कळदा ते स्वतःच त्या कुटुंबांकडे जात. स्तन आणि बीजकोश यांचे कर्करोग काही घराण्यांत एकत्र चालतात, हेही त्यांनी १९७० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. त्यामागच्या बीआरसीए-१ या जनुकाचा पत्ता लागायला तेव्हा बराच अवकाश होता.

यातली एक गोष्ट मात्र मी पुनःपुन्हा वाचली. १९६६ चा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर मिशिगन विद्यापीठातून लिंच यांच्या हाती जुनी कागदपत्रे आली. तिथले विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने १८९५ मध्ये त्यांना सांगितले होते की, आमच्या घरात सारे पोटाच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात आणि मीही लवकरच जाईन. ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने अकाली वारली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती १९१३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे ती जवळजवळ विसरली गेली. लिंच व क्रश यांनी तो धागा पुन्हा उचलून १९७१ मध्ये त्या घराण्याचा पुढचा वृत्तांत मांडला. या रोगाची पहिली नीट नोंद ज्या कुटुंबामुळे झाली, त्या कुटुंबातली ती बातमी एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आणली होती, आणि तिला तिच्या आत्या-मावश्या कशाने गेल्या हे ठाऊक होते. माझ्या आईला ते ठाऊक नव्हते.

जनुके सापडली ती १९९३ आणि १९९४ मध्ये. एमएसएच-२ आणि एमएलएच-१ ही त्यांतली मुख्य. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि तिच्यात चुका राहतात. त्या हेरून दुरुस्त करणारी प्रथिने ही जनुके बनवतात. माझ्या टेबलावर येणारे प्रूफ जर कोणी न वाचताच छापायला सोडले, तर दुसऱ्या आवृत्तीत पहिलीच्या चुका तशाच राहतात आणि त्यांत नव्यांची भर पडते. पेशीतही तसेच घडत जाऊन अखेर गाठ तयार होते. सदोष प्रत आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकते आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. वॉर्थिन यांच्याकडच्या त्या बाईच्या घराण्यातला दोषही एमएसएच-२ मध्येच निघाला, पण तो सापडेपर्यंत तिच्या बोलण्याला शंभराहून अधिक वर्षे उलटली होती.

आमच्याही घराण्यात दोष आहे तो याच जनुकात. आजी गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, हे आता जुन्या फायलीतल्या एका पिवळ्या कागदावरून कळले आहे. मामाला अशक्तपणा होता म्हणून एका डॉक्टरांनी वर्षभर रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. लिंच सिंड्रोममधल्या गाठी बहुधा आतड्याच्या उजव्या भागात होतात, तिथला रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाही आणि नुसते रक्त कमी होत जाते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. मामा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. ते वर्ष वाया गेल्याचे दुःख मला अजून आहे.

माझ्या रक्तातही तो दोष आढळला. दर वर्षी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून येते. आदल्या दिवशीचे ते औषध पिणे फार त्रासाचे असते, पण फिनलंडमधल्या एका अभ्यासाने मला धीर दिला आहे. तिथे अशा २२ घराण्यांतल्या २५२ जणांवर १५ वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले. आतड्यातले मोड (पॉलिप) कर्करोगाची गाठ होण्याआधीच काढून टाकता येतात, हे त्याचे कारण. ओमाहाच्या त्या रुग्णाला जे अटळ वाटत होते, ते आता तसे राहिलेले नाही. लिंच २ जून २०१९ रोजी ९१ व्या वर्षी वारले, तोवर त्यांना हे सारे पाहायला मिळाले होते.

गेल्या दिवाळीपासून मी एक वही केली आहे. पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ, अशी वंशावळीची चिन्हे मुंबईच्या डॉक्टरांनी शिकवली. प्रत्येक चिन्हाखाली आजार आणि त्या वेळचे वय लिहायचे असते. एकोणतीस माणसे लिहून झाली. भाऊबीजेला मोठ्या मामींनी ती वही हातात घेतली आणि लग्न व्हायच्या पोरींची नावे यात कशाला, असे विचारले. बोलणी मोडतील ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणून त्या चार मुलींना मी स्वतंत्र भेटले. दोघींनी रक्त दिले, एकीने नकार दिला, एकीने विचार करायला वेळ मागितला आहे. एका वर्तुळाखाली मात्र काहीच लिहिलेले नाही. आजीची सर्वांत धाकटी बहीण चिकोडीकडे दिली होती आणि जमिनीच्या वादानंतर जाणे-येणे तुटले. तिच्या नातीचा पत्ता निपाणीत लागला आहे. येत्या रविवारी मी आणि मामेभाऊ सकाळच्या एसटीने तिकडे जाणार आहोत.