टर्मिनल कोणतंही असो, कोड एकच : माझा अनुभव

नोंदींची यादी दाखवणारा आणि तिथल्या तिथे त्या बदलू देणारा एक प्रोग्राम मी सी भाषेत लिहायला घेतला होता. खिडक्या नाहीत, माउस नाही, फक्त अक्षरांची स्क्रीन. तो कोणत्याही टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या अक्षरांच्या स्क्रीन-कीबोर्डवर किंवा त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालावा, ही अट मी स्वतःच घातली. अक्षरांची स्क्रीन हाताळणारी तयार कर्सेस लायब्ररी वापरून काम लवकर उरकलं असतं, पण मला तिच्या खालचा थर हाताळायचा होता. म्हणून थेट टर्मइन्फोवर, म्हणजे प्रत्येक टर्मिनलच्या आज्ञांची आणि सवयींची नोंद ठेवणाऱ्या कोष्टकावर, आपली रुटीन्स (छोटी फंक्शन्स) उभी करायचं ठरवलं.

मुळात अडचण काय, ते आधी सांगतो. कर्सर विशिष्ट जागी न्यायचा तर व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलला एस्केप, चौकोनी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि शेवटी मोठा एच पाठवावा लागतो. मोजणी एकपासून, आकडे दशमानात. त्याच्याच आधीच्या व्हीटी५२ ला मात्र एस्केप, वाय आणि पुढे दोन बाइट लागतात: शून्यापासून मोजलेल्या ओळीत ३२ मिळवून एक, स्तंभात ३२ मिळवून दुसरा. १९७० च्या दशकात अशी कितीतरी टर्मिनलं होती आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बिल जॉय यांनी बर्कलीत टर्मकॅप तयार केलं ते यासाठीच: टर्मिनलांची माहिती प्रोग्राममधून काढून एका फाइलमध्ये ठेवायची. पुढे केन अरनॉल्ड यांची कर्सेस लायब्ररी आली आणि सिस्टिम व्ही युनिक्सबरोबर टर्मइन्फो.

सुरुवात सोपी होती. सेटअपटर्म हे फंक्शन टर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधलं (सिस्टिमने प्रोग्रामला पुरवलेल्या मूल्यातलं) टर्मिनलचं नाव वाचून त्याची टर्मइन्फोतली नोंद उघडतं, टायगेटस्ट्र हवी ती क्षमता, म्हणजे त्या कामाची आज्ञा, देतं, टीपार्म तिच्यात आकडे भरतं आणि टीपुट्स ती पाठवतं. टीपार्म मला फार आवडलं. नोंदीतली स्ट्रिंग म्हणजे स्टॅकवर (आकडे एकावर एक रचून ठेवण्याच्या जागेवर) चालणारा एक चिमुकला प्रोग्रामच असतो. ‘दोन्ही आकड्यांत एक मिळव’, ‘३२ मिळवून अक्षर म्हणून छाप’ अशा सूचना तिच्यातच लिहिलेल्या असतात. त्यामुळे वर सांगितलेली दोन्ही टर्मिनलं माझ्या एकाच ओळीच्या कोडने चालू लागली. टीपुट्स टाळून साधं छापू नये, कारण व्हीटी१०० च्या नोंदीत स्क्रीन पुसल्यावर ५० मिलिसेकंद थांबण्याची सूचना आहे आणि ती टीपुट्सलाच कळते.

खरं काम यापुढे होतं. आज्ञा वेगळ्या असणं हा प्रश्न कोष्टकाने सुटतो, सवयी वेगळ्या असल्या की रुटीनची रचनाच बदलावी लागते. ८० व्या, म्हणजे ओळीच्या शेवटच्या, स्तंभात अक्षर लिहिलं की काही टर्मिनलं लगेच पुढच्या ओळीवर जातात. व्हीटी१०० तिथेच थांबतं आणि पुढचं अक्षर आलं तरच खाली उतरतं. लगेच उतरणाऱ्या टर्मिनलवर शेवटच्या ओळीचा शेवटचा चौकोन भरला तर सगळी स्क्रीन एक ओळ वर सरकते. नोंदीत यासाठी खुणा आहेत. मी नियम केला, की शेवटच्या स्तंभानंतर कर्सरची जागा ‘अज्ञात’ धरायची आणि पुढच्या वेळी पूर्ण पत्ता पाठवायचा. खालचा उजवा कोपरा, धोका असेल तिथे, रिकामा सोडायचा.

रंगांचंही तसंच. ओळ पुसली की एक्सटर्म (खिडकीत चालणारा टर्मिनल-प्रोग्राम) चालू पार्श्वरंग भरतं, काही टर्मिनलं मूळ रंग भरतात. चालू रंग भरला जातो अशी खूण टर्मइन्फोच्या नोंदीत नसेल तिथे मी पुसण्याऐवजी रिकाम्या जागा लिहितो.

कीबोर्डने सगळ्यात जास्त वेळ घेतला. बाणाची कळही एस्केपनेच सुरू होणारे बाइट पाठवते, मग वापरणाऱ्याने नुसती एस्केप कळ दाबली हे ओळखायचं कसं? थोडं थांबून पाहण्यावाचून मार्ग नाही. एनकर्सेस, म्हणजे कर्सेसची आज वापरात असलेली आवृत्ती, डीफॉल्टने १००० मिलिसेकंद थांबते. मला ते फार वाटलं, मी बरंच कमी ठेवलं. संथ जोडणीवर ते तोडकं पडू शकतं, म्हणून बदलायची सोय दिली. शिवाय बाणांचे कोड टर्मइन्फोच्या नोंदीशी जुळायचे तर आधी कीपॅड चालू करणारी स्ट्रिंग पाठवावी लागते, आणि बाहेर पडताना बंद करणारी.

आता दिसणाऱ्या आणि हव्या असलेल्या स्क्रीनचे दोन बफर (मेमरीतल्या प्रती) ठेवून फरक तेवढाच पाठवण्याची युक्ती मी कर्सेसकडूनच घेतली. ९६०० बॉड या जोडणीच्या वेगाला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे ८० बाय २४ ची स्क्रीन पूर्ण लिहायला दोन सेकंद. ज्यांनी त्या वेगात वापरण्याजोगे एडिटर लिहिले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चाचणीसाठी जुनं यंत्र लागलं नाही. एक्सटर्मला व्हीटी५२ च्या अवस्थेत नेता येतं. तसं नेऊन, टर्ममध्ये ते नाव घालून प्रोग्राम चालवला. यादी जागेवर आली, बाण चालले. व्हीटी५२ ला उलट रंग (अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल) येत नाहीत, म्हणून निवडलेल्या नोंदीपुढे माझ्या रुटीनने आपणहून ‘>’ उमटवलं. मग टर्ममध्ये ‘डंब’, म्हणजे अगदी साध्या टर्मिनलचं नाव, घातलं. तिथे कर्सर हलवण्याची क्षमताच नाही, तेव्हा प्रोग्रामने नोंदी एकाखाली एक छापल्या आणि क्रमांक विचारला.