तुम्ही विचारलंत म्हणून: ही वाटी खरी कशावरून?

लंडनमधल्या आमच्या घरी येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा कपाटातल्या दोन कानांच्या काळ्या वाटीकडे बोट दाखवून विचारतो, ‘ही खरंच प्राचीन ग्रीक आहे? कशावरून?’

या प्रश्नाचे उत्तर मी पैसे मोजून शिकलो. माझी पहिली खरेदी म्हणजे अथेन्सचे घुबडछाप चांदीचे नाणे. चार द्राख्मांच्या त्या नाण्याचे वजन सुमारे १७.२ ग्रॅम असायला हवे. माझे भरले १५.८, आणि कडेवर साच्याच्या सांध्याची बारीक रेघ होती. अस्सल नाणी ओतलेली नसून दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून हातोड्याने पाडलेली असतात. ते नाणे शिकवणीची फी समजून मी अजून जपून ठेवले आहे.

वाटी दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींमधली, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातली. ती उलटी धरली की पायाजवळ बोटांचे फिकट ठसे दिसतात, कारण कुंभाराने तिला तिथेच पकडून मातीच्या पातळ गाळात बुडवले होते. तिची चकाकी काचेच्या लुकणाची नव्हे. पाण्यात निवळून अतिशय बारीक केलेली लोहयुक्त मातीच भट्टीत अशी काळी होते. आधी भट्टीत हवा खेळती ठेवायची, मग झरोका बंद करून धूर कोंडायचा आणि शेवटी पुन्हा हवा आत सोडायची: अंगची सच्छिद्र माती परत लाल होते, पण घट्ट बसलेला लेप काळाच राहतो. माझ्या वाटीच्या तळाशी, आतल्या बाजूला, एक तांबूस वर्तुळ आहे. तिथे दुसरे भांडे रचले होते आणि धूर नीट पोचला नव्हता. कुंभाराच्या दृष्टीने ही चूकच, पण मला वाटीत सर्वांत जास्त तीच आवडते.

मात्र वस्तू अस्सल असली म्हणून ती घ्यावी, असे मला आता वाटत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने १९७२ साली दहा लाख डॉलरना घेतलेला, प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसने रंगवलेला क्रेटर (मद्य आणि पाणी मिसळण्याचे मोठे भांडे) शंभर टक्के अस्सल होता. पण तो इटलीतल्या चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून चोरून उकरलेला निघाला आणि २००८ साली इटलीला परत गेला. भांडे परत मिळाले, पण त्याच्याशेजारी काय होते, ते कोणासाठी पुरले होते, हे चोरांच्या फावड्याखाली कायमचे पुसले गेले. म्हणून अशा वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार झाला त्या १९७० सालाआधीचा कागद असल्याशिवाय मी काहीही घेत नाही, आणि त्यापायी हातची सुंदर भांडी सोडताना जीव तुटतो, हेही खरे.

पाहुण्यांना मी हल्ली वाटी उलटी करून आधी तिच्या बुडाला चिकटलेली पिवळी पडलेली चिठ्ठी दाखवतो. तिच्यावर १९३४ सालच्या एका लिलावाचा क्रमांक आहे. वाटी कोणत्या गावच्या, कोणाच्या थडग्यातून निघाली, ते मात्र तिच्यावर लिहिलेले नाही.