भुतांचा बाजार आणि बोरीचं पात्र

फँटसमागोरिया. ऐकल्यावर एखाद्या महागड्या आइस्क्रीमचं नाव वाटावं असा शब्द. अर्थ मात्र वेगळाच: तापात किंवा अर्धवट झोपेत दिसतात तशी एकातून एक निघणारी, विरघळणारी, भलत्याच रूपात पुन्हा समोर येणारी दृश्यं.

शब्द घडवला तो पंडितांनी नव्हे, खेळवाल्यांनी. फिलिडोर नावाच्या जादूगाराने १७९२ मध्ये पॅरिसात भुतांचा खेळ लावला, त्याची जाहिरात याच नावाने झाली. ग्रीक ‘फँटाज्मा’ म्हणजे आभास, भूत. पुढच्या शेपटावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण ते ‘अगोरा’शी, म्हणजे सभा किंवा बाजाराशी जोडतात. मी बाजाराच्या बाजूने आहे. भुतंच ती, सभा कशाला भरवतील?

पुढे रॉबर्टसन नावाच्या दुसऱ्या खेळवाल्याने हा खेळ गाजवला. जागा निवडली तीही कशी, तर ओसाड पडलेला मठ. पडद्यामागे चाकांवरचा कंदील, काचेवर रंगवलेलं चित्र पडद्यावर पाडणारा. तो मागे ओढत नेला की पडद्यावरचं भूत मोठं होत जाई आणि अंगावर चालून आल्यासारखं वाटे. काचेवर चित्राभोवतीची जागा काळी रंगवलेली, त्यामुळे आकृती अंधारात तरंगायची. राज्यक्रांतीत इतकी माणसं मारली गेलेली, त्या शहराला मेलेली माणसं परत दाखवायची म्हणजे धंद्याची जाण जबरदस्तच म्हणायची.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच कंदिलाचे खेळ केले. नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. फँटसमागोरियाला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘शांबरी’ घ्यावा, असं माझं मत. ‘मृगजळ’ नको. मृगजळ आम्हां खानदेशवाल्यांना फुकट मिळतं. मे महिन्यात धुळ्याच्या रस्त्यावर डांबर तापलं की पुढची एसटी पाण्यातून येताना दिसते. त्यात कोणाची कारागिरी नाही. शांबरीत पडद्यामागे कोणीतरी घाम गाळत असतो.

मायेची चर्चा आणि मायेचा खेळ, अमळनेरला दोन्ही गोष्टी एका गावात आहेत. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये स्थापन केलेलं तत्त्वज्ञान मंदिर, जिथे शंकराचार्यांच्या मायावादाचा काथ्याकूट व्हायचा. आणि वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, तीही बोरी नदीच्या कोरड्या पात्रात. पाळणे, रेवड्या, भांड्यांची दुकानं, आणि लहानपणी आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा असलेला सिनेमाचा तंबू. हे जग खरं की भास, याचा निकाल तत्त्वज्ञान मंदिरात लागो न लागो, तंबूत तो प्रश्नच कोणाला पडत नसे.

माझ्या मावसभावाला मात्र दुसराच प्रश्न पडला. “पडदाना मांगे काय शे?” म्हणत तो कनातीखालून सरपटत गेला. बऱ्याच वेळाने आला तो वाळूने माखलेला, पण खूश. “मांगे बी तेच शे. फक्त उलटं.”

मागच्या बाजूला तिकीट तपासायला कोणी फिरकत नसे. त्यामुळे त्या यात्रेतले सगळे नायक आमच्यासाठी डावखुरे होते.